पिवळ्या टोपीची नळी

सफरचंदं निवडताना तिचं लक्ष सफरचंदांवर होतं, त्यामुळे आवाज आधी ऐकू आला आणि बाई नंतर दिसली. "काय हो, थांबलं का डोकं दुखायचं? सांगितल्यासारखे आडवे पडून राहिलात ना?" रस्त्याच्या कडेला फळांची गाडी, शनिवारची संध्याकाळ, धक्के देत जाणारी माणसं, आणि ही कोण कुठली बाई तिच्या नवऱ्याच्या डोक्याची चौकशी करत होती. खांद्याला पिशवी, पायात पांढरे, आवाज न करणारे बूट, दिवसभर वॉर्डात उभं राहणारी माणसं घालतात तसले. "या वेळी पहिल्यासारखा त्रास नाही झाला, खरं की नाही?" नवऱ्यानं हातातलं सफरचंद खाली ठेवलं. "तुमचा काहीतरी गोंधळ होतोय," तो म्हणाला, इतक्या सभ्यपणे की कुणालाही पटावं. नर्सनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि वॉर्डात आयुष्य काढलेल्या माणसाला जे चटकन कळतं ते तिला कळलं. "अगंबाई, खरंच की," ती म्हणाली. "दिवसभर इतके चेहरे बघायचे, होतं असं." आणि काहीच न घेता निघून गेली. फळवाल्यानं विचारलं, ताई, किती करू? तिनं काहीतरी सांगितलं. घरी पिशवी उघडली तेव्हा दोघांना महिनाभर पुरतील इतकी सफरचंदं निघाली.

नवरा-बायकोत लपवाछपवी नसते असं म्हणणाऱ्यांचं एक तर लग्न नवं असतं, नाहीतर झालेलंच नसतं. तिचं लग्न जुनं होतं. त्यानं तिच्यापासून सिगारेटी लपवल्या होत्या, तिनं त्याच्यापासून त्याच्या बहिणीशी झालेली भांडणं लपवली होती, आणि दोघांनी मिळून मुलीपासून बरंच काही. ते खोटं घरातल्या घरात मुरतं, त्याचा वास येईनासा होतो. पण हे निराळं होतं. गुरुवारी तो कामावर गेला नव्हता. उशी काढून उताणा पडला होता आणि म्हणाला होता, कंबरेत उसण भरलीय. तिनं त्याला गरम पाण्याची पिशवी दिली, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला आणि निघून गेली. शुक्रवारी बूट घालायला वाकला तेव्हा शर्ट वर सरकला आणि मणक्यावर छोटी गोल पट्टी दिसली. उसणीची आहे, तो म्हणाला. आणि जी बाई गेली दोन वर्षं मणक्यातून काढलेल्या पाण्यावर पोट भरत होती, जिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं की असं पाणी काढल्यावर डोकं दुखतं आणि माणसाला उताणं पडून राहावं लागतं, त्या बाईनं त्या पट्टीवरून हात फिरवला आणि म्हटलं, जड उचलत जाऊ नकोस. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. शनिवारी रात्री तो शांत घोरत होता आणि ती छताकडे बघत स्वतःला समजावत होती की उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नये. एका नर्सची चूक. एक उसण. पण सूत चांगलं दोरखंडाइतकं जाड होतं.

तिचं काम लोकांना सांगायचं म्हणजे पंचाईत व्हायची. माणसाची स्मृती जाते त्या रोगात मेंदूत एका प्रथिनाच्या गुठळ्या होतात. त्या गुठळ्या किती विषारी आहेत ते ती समुद्रातल्या जिवांच्या पिलांवर तपासायची. पिलं म्हणजे तरी काय, नुकती फळलेली अंडी. समुद्राच्या तळाशी काटेरी गोळे असतात, प्रयोगशाळेत सगळे त्यांना साळू म्हणत. साळूला सुई टोचली की मादी नारिंगी अंडी सोडते आणि नर दुधासारखा थेंब. दोन्ही समुद्राच्या पाण्यात मिसळायची. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, करता करता रव्याएवढा एक गोळा फिरायला लागतो, मग त्याला पोट फुटतं, मग हात. सगळं निकोप असेल तर तिसऱ्या दिवशी थाळीभर पोहणारी, हात पसरलेली, काचेसारखी पारदर्शक पिलं दिसतात, आणि ते बघून इतक्या वर्षांनीही तिला बरं वाटायचं. पाण्यात गुठळ्या असतील तर हात येत नाहीत. पोट आत जायच्या ऐवजी उलटं बाहेर येतं. पिल्लू तळाशी पडून थरथरत राहतं. आणि गंमत अशी की मोठमोठ्या गुठळ्या तितकं नुकसान करत नाहीत. धड गुठळीही न झालेले, डोळ्याला न दिसणारे बारीक पुंजके सगळा घात करतात. हे वाक्य ती भाषणांत हसत हसत म्हणायची. रविवारी सफरचंद कापता कापता तिला ते आठवलं आणि सुरी ठेवून द्यावी लागली.

आधी ही प्रथिनं विकत मिळायची. दोन वर्षांपासून इस्पितळातल्या खऱ्या रुग्णांच्या मणक्यातलं पाणी येऊ लागलं होतं. नळीवर नाव नाही, वय नाही, बाई की बुवा तेही नाही. प्रत्येक रुग्णाला एका रंगाची टोपी, आणि दुसऱ्यांदा पाणी काढलं तर टोपी त्याच रंगाची. कुठल्या रंगाखाली कोण आहे हे एकाच माणसाला माहीत असायचं, तिच्या जुन्या मैत्रिणीला. सगळे तिला कुलूप म्हणत, आणि तीही कौतुकानं म्हणवून घ्यायची. कुलूप असल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण फार पूर्वी एकदा, नोकरी नवी असताना, मैत्रिणीनं नव्हे, तिनं स्वतः औषध घातलेल्या थाळ्यांत हवं ते बघितलं होतं. मुद्दाम नाही. हात जरा वाकडा असला तरी तिला सरळ दिसायचा, इतकंच. वर्षभराचं काम कचऱ्यात गेलं. तेव्हापासून तिनंच नियम केला: जो मोजतो त्याला माहीत नसावं, आणि ज्याला माहीत आहे त्यानं मोजू नये. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला ती हा नियम असा ऐकवायची की पोरं मागून तिची नक्कल करायची.

शुक्रवारी एकच नळी आली होती. पिवळ्या टोपीची. पिवळी टोपी दुसऱ्यांदा आली होती.

रविवारभर तो घरात होता आणि ती त्याच्याकडे चोरून बघत होती, नव्यानं प्रेमात पडलेली पोरगी बघेल तशी. तो बसगाड्यांची वेळापत्रकं बनवायचा. शहरातली कुठली बस कुठल्या कोपऱ्यावर कधी येणार हे त्याच्या डोक्यात असायचं. पाहुण्यांना निरोप देताना घड्याळ न बघता म्हणायचा, आरामात जा, अजून वेळ आहे तुमच्या गाडीला. हल्ली म्हणत नव्हता. हल्ली म्हणजे कधीपासून? तिला आठवेना. मागच्या थंडीत त्यानं एकाच रस्त्यावर एका मागोमाग एक तीन गाड्या सोडल्या आणि पुढे तासभर एकही नाही. ऑफिसात हशा झाला, घरी येऊन त्यानं स्वतःच तो किस्सा रंगवून सांगितला आणि ती पोट धरून हसली. त्यात काय, कुणाचंही होतं. कपाटाची दारं उघडी राहायला लागली होती. एकच गोष्ट दोनदा सांगायचा, तर तीही सांगायची की. दिव्याखाली अंधार असतो हे शाळेत शिकवतात. पण दिव्यालाच ते कुणी सांगत नाही. "काय बघतेस?" तो म्हणाला. "काही नाही." "मग बघ," तो म्हणाला आणि हसला, आणि तिला त्या हसण्याचा संताप आला. इतके महिने त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती. बाहेरच्या नर्सला माहीत. आणि कुणाकुणाला?

सोमवारी पिवळ्या टोपीची थाळी मोजायची होती. तिनं आधी नुसत्या समुद्राच्या पाण्याची थाळी घेतली, तुलनेसाठी ठेवतात ती. त्यात सगळं गोकुळ नांदत होतं. मग ती दुसरी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डोळे मिटून बसली. खरं म्हणजे तेव्हाच उठायला हवं होतं. नियम तिचाच होता. पण आपल्या माणसाचं काय झालंय ते बघू नको असं कुठला नियम सांगतो? तिनं डोळे उघडले. तळाशी गोळे पडले होते. काही गरगर फिरत होते, पुढे जात नव्हते. काहींची पोटं बाहेर होती. एक पिल्लू मात्र पोहत होतं, त्याला एका बाजूला हात होते आणि दुसऱ्या बाजूला नुसता उंचवटा. चालेल, ती मनात म्हणाली आणि त्याला निरोगी धरलं. पुढच्याचे हात आखूड होते. वाढतील, ती म्हणाली. तिसरं नुसतं थरथरत होतं. थकलंय, दुसरं काही नाही. असं ती किती वेळ करत होती कोण जाणे, मग बोट मोजायच्या यंत्रावर तसंच थांबलं, कारण आपण काय करतोय ते तिला दिसलं. ती थाळीत नवऱ्याला वाचवत बसली होती.

आणि मग ते आठवलं, जे दोन दिवस तिनं दाराबाहेर उभं करून ठेवलं होतं. उन्हाळ्याआधी पिवळी टोपी पहिल्यांदा आली तेव्हा इतका स्वच्छ निकाल कुठल्याच नळीनं दिला नव्हता. सगळी थाळी आडवी. ती आनंदानं वेडी झाली होती. फोटो काढून भिंतीवर लावले, कुलूपला मिठी मारली, आणि त्या संध्याकाळी घरी जाऊन चपलाही न काढता नवऱ्यापुढे फोन धरला. "बघ ना, हात नाहीत, पोट बघ, उलटं! इतकं सुंदर अजून एकदाही मिळालं नव्हतं." त्यानं फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं होतं. "याचा मालक कोण असेल गं?" त्यानं विचारलं. आणि ती म्हणाली होती, "देव जाणे. पण जो कुणी आहे, त्याचं काही खरं नाही." असं बोलतात तिथे, प्रयोगशाळेत, त्याशिवाय ते काम होत नाही. तो म्हणाला, "चहा टाकू?" आणि त्यानं चहा टाकला, आणि ती प्याली, आणि पुन्हा फोटो बघितले. दोघांनी तिला ते बोलू दिलं. एकीनं मिठी मारून घेतली, एकानं चहा करून दिला. केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं. कापला जातो आणि कळतसुद्धा नाही.

कुलूप थंड खोलीत नळ्या लावत होती. तिनं आत जाऊन दार ओढून घेतलं. "पिवळी टोपी मी मोजणार नाही," ती म्हणाली. कुलूपचा हात थांबला. "बरं नाही का वाटत?"

"मोजणार नाही, कारण मला माहीत आहे."

कुलूपनं नळी जागेवर ठेवली, झाकण लावलं, हातमोजे काढले. या बाईची रीतच अशी, घराला आग लागली तरी आधी गॅस बंद करेल. "कुणी सांगितलं?"

"तू नाही सांगितलंस एवढं खरं."

"मी सांगू शकत नव्हते. नियम तू केलास."

"नियम माणसांसाठी केला होता गं! नवऱ्यासाठी केला होता का मी?"

"तो संमतीपत्रावर सही करायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, हे मला झेपणार नाही. हवं तर दुसरीकडे जा. तो म्हणाला, नाही, पाणी इथंच द्यायचं. ती माझ्याकडे नीट बघेल अशी ही एकच जागा आहे." कुलूप हातमोजे एकात एक घालत होती. "म्हणाला, तिला मी स्वतः सांगतो. मला काय हौस होती? तू मला मिठी मारलीस ना त्या दिवशी, मी घरी जाऊन ओकले."

"मग विचारलं नाहीस त्याला, सांगितलंस का म्हणून?"

"विचारलं. एकदा नाही, दरवेळी. दरवेळी म्हणाला, सांगितलं." कुलूप खाली बघत होती. "खोटं बोलतोय हे मला कळत होतं. तुझ्या तोंडावर काही दिसायला हवं होतं ना? तू तर फोटो भिंतीवर लावून बसलेलीस."

"आणि तू मूग गिळून बसलीस."

"हो," कुलूप म्हणाली. "बसले." एवढ्या थंडीत ती घामानं भिजली होती, आणि तिची कीव यायला हवी होती, पण आली नाही. डबे एकमेकींचे खाल्लेले, बाळंतपणं एकमेकींची काढलेली, आणि हिला ठाऊक होतं. रोज सकाळी हिनं आपल्याला 'काय गं, झोप झाली का' विचारलं, आणि हिला ठाऊक होतं. ती बाहेर पडली. थाळी तशीच राहिली; मोजायची ती आता कुलूपनंच कुणाकडून तरी मोजून घ्यावी.

घरी जाताना ती बसमध्ये चढली नाही. चालत गेली. रस्ताभर भांडणाची तयारी चालली होती, एकेक वाक्य घासूनपुसून लख्ख. सांगितलं म्हणे! मैत्रिणीशीही खोटं बोललास. आजार झाला तो झाला, तो काही तुझा गुन्हा नाही, त्याला मी पुरून उरले असते, आयुष्यभर त्याचाच तर अभ्यास केलाय. पण तू मला परकी केलंस. जिनं सगळ्यात आधी ऐकायचं तिला सगळ्यात शेवटी, तेही फळांच्या गाडीवर. माझ्यापुढे रडायचंसुद्धा नव्हतं तुला? एवढं काय वाईट वागले होते मी? इथे तिला रडू आलं आणि एका बंद दुकानापाशी थांबून डोळे पुसावे लागले. रस्त्यात रडणाऱ्या बाईकडे लोक बघतात आणि बघत नाही असं दाखवतात. रडून झाल्यावर राग पुन्हा ताजा झाला, आणि त्या तापल्या अंगानं ती जिना चढली.

तो खाटेवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. "आज लवकर?" म्हणाला.

"तू मला सांगितलं नाहीस."

"काय?"

"काय म्हणून विचारतोस? दोनदा जाऊन पाणी काढून घेतलंस. त्या नर्सला माहीत, कुलूपला माहीत. रोज माझ्यासोबत जेवतोस, झोपतोस, आणि मला नाही सांगितलंस."

तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. पकडला गेलेला माणूस असं बघत नाही. पकडला गेला की त्याचे कान लाल व्हायचे, लग्नाआधीपासून. कान जसेच्या तसे होते. "सांगितलं की," तो म्हणाला.

"माझ्या तोंडावरसुद्धा?"

"अगं, असं काय करतेस? सांगितलं की तुला. गॅलरीत. तू दोरीवरचे कपडे काढत होतीस. मी म्हटलं, आत चल, बोलायचंय. तू म्हणालीस, इथंच बोल, आत गेलो की दिवा लावावा लागेल आणि मग तुझं तोंड दिसेल."

या घराला गॅलरी नव्हती. गॅलरी होती ती आधीच्या घराला, मुलगी शाळेत जायची तेव्हाच्या. ते घर सोडून जमाना झाला होता. घासलेल्या वाक्यांतलं एकही आता उपयोगाचं नव्हतं.

"मग शनिवारी," ती कशीबशी म्हणाली, "त्या बाईला गोंधळ होतोय असं का म्हणालास?"

"तूच म्हणालीस ना, बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. घरातसुद्धा त्याचं नाव काढायचं नाही, उसण म्हण, ताप म्हण, काहीही म्हण. मी पाळतोय बुवा." तो जरा दुखावल्यासारखा झाला होता. "तू फोटो दाखवायला आलीस ना, तेव्हा मला वाटलं, काय धीराची बाई आहे ही. मी मुद्दाम विचारलं, मालक कोण असेल. तर तू पापणी न हलवता म्हणालीस, त्याचं काही खरं नाही. मला तर हसू येत होतं. म्हणून आत जाऊन चहा टाकला."

ती त्याच्या शेजारी खाटेवर बसली, घड्यांच्या मधोमध. लपवलं नव्हतं त्यानं. फसवलं नव्हतं. बायकोला सांगितलं होतं आणि तिनं घातलेली शपथ पाळत होता. फक्त ती बायको ही नव्हती. तिच्यासारखी दिसणारी, तिच्यापेक्षा तरुण, तिच्यापेक्षा कितीतरी शहाणी कुणी बाई त्या जुन्या गॅलरीत उभी होती, तिला त्यानं सगळं सांगितलं होतं, आणि तिचा हिला मत्सर वाटला. आणि चिडायचं कुणावर? इतका राग घेऊन चालत आली होती, आणि घरात भांडायला माणूसच नव्हता. "आपल्याला गॅलरी नाही," एवढंच म्हटलं की झालं. तीन शब्द. मग त्यालाही कळलं असतं, आत्ता, इथं, कपड्यांच्या घड्या घालता घालता.

"मी रडले का?" तिनं विचारलं.

"छे. तू कशाची रडतेस! टॉवेल माझ्या खांद्यावर टाकलास आणि म्हणालीस, तू विसरशील ते मी लक्षात ठेवीन, त्यात काय एवढं." तो तिच्याकडे बघून हसला, आणि मग हसू जरा थबकलं. "विसरलीस की काय?"

"नाही रे," ती म्हणाली. "आहे लक्षात." हे त्याच्याशी बोललेलं तिचं पहिलं मोठं खोटं होतं. मग तिनं मांडीवर एक शर्ट ओढून घेतला, बाह्या सरळ केल्या आणि म्हणाली, "तरी पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग. मी कुठे उभी होते?"